सावेली बूट का काढत नव्हता

दलदलीत पुरलेला झेंडा परत आणायला आम्ही तिघे निघालो. आमच्या लाल सैन्यात झेंडा हरवला की अख्खी डिव्हिजन मोडतात, तिचा नंबरच पुसून टाकतात. जर्मनांचा वेढा फोडून आमच्यातले जेमतेम दोनशे सत्तर बाहेर पडले होते. बाकीचे जिच्यासाठी मेले, ती डिव्हिजनच उरली नाही तर?

वाट दाखवायला सावेली लोगिनोव्ह. झेंडा आपणच पुरला म्हणत हा पठ्ठ्या आमच्यानंतर आठ दिवसांनी वेढ्यातून परतला होता. एकटाच! माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. निघताना लेफ्टनंट झिखारेव्ह माझ्या कानाशी लागले, "त्युरिन, हा जर्मनांकडे वळताना दिसला, तर गोळी घाल."

"आनंदाने!" मी म्हटलं.

दोन दिवस कमरेइतका चिखल आणि वर डासांचे थवे. थांबलो की आम्ही दोघे बूट काढायचो, मोज्यांऐवजी पायांना गुंडाळलेली फडकी पिळून फांदीवर टाकायचो. पायदळातला कुणीही हेच करतो. सावेली मात्र बूट काढेचना!

"काय रे, जर्मनांनी मोजे दिलेत वाटतं?"

"राहू द्या, सार्जंट. पाय बरे आहेत माझे."

बरे कसले! चांगला लंगडत होता लेकाचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हिरव्यागार शेवाळावर पाय ठेवला आणि थेट छातीपर्यंत आत गेलो!

"हलू नका, सार्जंट!" सावेलीने एका मुळात पाय अडकवला, पालथा पडला, काठी पुढे सरकवली. मी धरली. त्याने ओढलं. पुन्हा ओढलं! मी बाहेर आलो. आणि मनात पहिला विचार काय यावा? जर्मनांना जिवंत सार्जंट हवा असेल!

तेवढ्यात त्याचा पाय दिसला. बूट त्या मुळाखालीच अडकून राहिला होता. आत ना मोजा, ना फडकं. टाच नुसती सोललेली.

मी बंदूक रोखली. "फडकी कुठेत? खरं बोल!"

"झेंड्याला गुंडाळली. जमीन ओली होती हो, दुसरं कोरडं काही नव्हतं."

"मग नवी मागायला काय झालं होतं?"

"जुनी कुठे गेली, असं कोठीवाल्याने विचारलं असतं. लाल झेंडा पायाच्या फडक्यांत बांधला म्हटल्यावर मला भिंतीशी उभं करून गोळी घातली असती!"

"गोष्ट झकास रचलीस," लेफ्टनंट म्हणाले. "चल, दाखव."

सावेलीने दाखवलेल्या जोड-पाइनच्या झाडाच्या बुंध्याशी मी खणलं, तेव्हाही बंदूक हाताशीच होती. हातभर खाली एक करडं गाठोडं लागलं. वास तर असा की विचारू नका! आत लाल रेशीम, अगदी कोरडं, आणि त्यावर आमचा नंबर. लेफ्टनंटनी टोपी काढली. मला माझीच लाज वाटली.

झेंडा अंगाला गुंडाळून लेफ्टनंटनी वही काढली. "कशात बांधलेला होता, ते लिहावं लागेल."

सावेलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"स्वच्छ कापडात," मी म्हटलं.

"स्वच्छ?" त्यांनी नाक मुरडलं.

"एकदम स्वच्छ, कॉम्रेड लेफ्टनंट!"

त्यांनी तसंच लिहिलं. मग मी गुडघे टेकून बसलो आणि ती फडकी सावेलीच्या पायांना गुंडाळायला घेतली.

"मी करतो ना, सार्जंट..."

"गप बस. पाय दे इकडे."

परतीच्या पहिल्या थांब्यावर सगळ्यांत आधी बूट काढले ते सावेलीने.