कानशिलावरची टिचकी

मोबाईल ठेवा आधी खाली. आणि मध्येच फिदीफिदी हसायचं नाही, सांगून ठेवतो. हे माझ्या साडूच्या भावाबरोबर घडलंय. सोनोग्राफीचा डॉक्टर आहे तो, थापा मारणारा माणूस नव्हे.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार, रात्रीचे पावणेबारा. टेबलावर झोपलेला पेशंट म्हणजे त्याचे सख्खे मामा. त्यांनीच त्याला लहानाचं मोठं केलेलं. मामांच्या मानेतली डावी शीर आतून चोंदत आलेली आणि सकाळी ऑपरेशन. सर्जन म्हणाले होते, "कापायच्या आधी तू एकदा नीट बघून घे."

आता नीट ऐका. ही शीर जबड्याखाली दुभंगते. एक फाटा मेंदूकडे जातो, दुसरा चेहऱ्याकडे. मेंदूचा फाटा थोडा जरी उघडा असला तर साफ करायचा. पार बंद असला तर हातच लावायचा नाही, उगाच जिवाशी खेळ. पडद्यावर दोन्ही कधीकधी जुळ्या भावांसारखे दिसतात. म्हणून कानशिलावर बोटाने टिचक्या मारायच्या. पडद्यावरची रक्तप्रवाहाची लाट थरथरली, की समजायचं हा चेहऱ्याचा.

आमचा पठ्ठ्या दिवसभर राबून पेंगुळलेला. मनाशी म्हणाला, स्पष्ट तर दिसतंय, टिचकी कशाला?

"किती वेळ रे?" मामा कुरकुरले. "उद्या कापणारच आहात, तर आज मान कशाला मुरगाळतोस?"

"झालंच मामा. रस्ता उघडा आहे. सकाळी होऊन जाईल."

यंत्रातून रक्ताचा आवाज येत होता. सप्... सप्...

आणि लाट थरथरली.

"मामा, हलू नका."

"मी कुठे हलतोय? तूच टिचक्या मारतोयस की."

त्याचा एक हात मामांच्या मानेवर होता. दुसरा बटणांवर.

खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

लाट पुन्हा थरथरली. टक्... टक्... टक्...

"बोट किती गार आहे रे तुझं..."

त्याचे डोळे पडद्यावर. म्हणजे हा चेहऱ्याचा. मग मेंदूचा कुठाय? शोधला... सापडला.

काळाठिक्कर. आवाज नाही. पार बंद.

भीती वाटत होतीच, पण त्याने तिथल्या तिथे सर्जनना फोन केला. ऑपरेशन रद्द झालं. "शीर उघडली असती तर गुठळी थेट मेंदूत गेली असती," सर्जन म्हणाले. "मामा टेबलावरून उठले नसते." मग मात्र तो मामांचा हात धरून ढसाढसा रडला. मामा आपले विचारतायत, "अरे, झालं काय?"

मामा आज ठणठणीत आहेत, गोळ्यांवर. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे आले होते. भर दुपारी ओट्यावर उन्हात बसले होते, आणि मला काही राहवेना. मी म्हटलं, मामा, जरा बघू का?

गाल तापलेला. कान तापलेला.

आणि कानशिलावर... बोटाच्या टोकाएवढी जागा...

गार होती रे.