दुसरी गोळी

त्या दोघांची ओळख खोकल्याने करून दिली. इस्पितळासमोरच्या औषधांच्या दुकानात रांगेत उभी असताना तिला जी ढास लागली, ती थांबेचना. दुकानदार स्वतः स्टूल घेऊन बाहेर आला, तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "सावकाश. माझं दुकान काही पळून जात नाही."

ती उशांच्या कारखान्यात पिसं भरायची. त्या पिसांनी फुप्फुसं कडक व्हायला लागली, तेव्हा कारखाना सुटला आणि औषधं मागे लागली. त्याने तिचं नावच पाडलं – उशीवाली. ती एका वेळी एकच पट्टी न्यायची. महिन्याच्या गोळ्या एकदम घेतल्या, तर पुन्हा यायला निमित्त नको का?

"या गोळ्यांनी गाल फुगतात म्हणे."

"फुगू देत की. उशीवालीला शोभतं."

ती लटक्या रागाने बघायची आणि घर येईपर्यंत गालातल्या गालात हसायची.

पण डॉक्टरांनी गोळ्या दोन लिहिल्या होत्या. दुसरी हिपॅटायटीस बीची. तो विषाणू तिला जन्मतःच आईकडून आलेला. फुप्फुसांच्या औषधाने शरीराचा पहारा ढिला पडतो आणि यकृतात झोपलेला विषाणू उठून बसतो, म्हणून ही गोळी चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मावशीने मात्र वेगळंच बजावलं होतं, "कुणापाशी ब्र काढू नकोस. लग्न जमायचं नाही." म्हणून ती गोळी ती पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणायची, चोरासारखी मान खाली घालून.

मग ते दुकान दुरुस्तीसाठी बंद झालं. आज उघडेल, उद्या उघडेल करत तिने गोळीच सोडली. त्याच्याकडे मागायची? त्यापेक्षा मेलेलं बरं. वेडी कुठली... पुढच्या तपासणीत रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरांचा चेहराच उतरला. "घरी जायच्या आधी सुरू करा," ते म्हणाले.

तिने चिठ्ठी त्याच्या काउंटरवर ठेवली आणि नजर जमिनीवर. त्याने ती वाचली. पुन्हा वाचली.

"ही पहिल्यापासून चालू आहे?"

"हो."

"कुठून आणत होतीस?"

तिने सांगितलं.

"ते तर कधीचं बंद आहे. म्हणजे... इतके दिवस घेतलीच नाहीस? माझ्यापासून लपवायला?"

"तुम्हाला लगेच कळलं असतं, कशाची गोळी ते."

"कळलंच असतं. हेच तर शिकलोय मी. लसही टोचून घेतलीय, कॉलेजात असतानाच." त्याचा आवाज दुखावलेला होता. "मी पाठ फिरवीन, असं वाटलं तुला?"

तिला आजवर आजाराची लाज वाटत होती. आता स्वतःची वाटली. ज्याने सगळ्यांदेखत पाणी पाजलं, त्याला तिने इतकं हलकं समजावं... कान तापले, डोळे भरून आले.

"तुम्ही आवडता," ती कशीबशी म्हणाली. "म्हणून भीती वाटली."

मागे रांग ताटकळत होती. त्याने तिकडे पाहिलंही नाही. पट्टीतून गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला.

"इथेच घे. माझ्यासमोर."

तिने घेतली.

"उद्याही इथेच. परवाही."

"असं किती दिवस?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बहुतेक... जन्मभर."

"मग झालं तर," तो म्हणाला.