द्राक्षवेलीखालची झोप

सेव्हिल शहराला नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीशी जोडणाऱ्या पुलावर, कठड्यालगत, सोन्याची एक बाळी सापडली. तिच्या आकड्याला वाळलेलं रक्त होतं आणि कातडीचा बारीकसा तुकडा चिकटलेला होता.

बाळी सालूदची. सालूद तंबाखूच्या कारखान्यात सिगार वळायची आणि सुट्टीच्या दिवशी चित्रकारापुढे बसायची. रविवारी दुपारी ती घरातून गेली ती परत आली नाही. पुलावर तिचं लाझारोशी भांडण झालेलं अर्ध्या मोहल्ल्यानं पाहिलं होतं. लाझारो खाटीकखान्यात कामाला होता, सालूदशी त्याचं लग्न ठरलेलं. सोमवारी लोकांनीच त्याला धरून पोलीस चौकीत आणून टाकलं.

इन्स्पेक्टर ओकान्यानं त्याच्यापुढे बाळी ठेवली.

"कान तू फाडलास?"

"हो."

"मुद्दाम?"

"बाळ्या त्या चिताऱ्यानं दिल्या होत्या. म्हटलं, काढ. ती म्हणाली, तू घेऊन दे, मग काढते. मी हिसकली."

"मग?"

"मग माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि कान दाबून शहराकडे पळाली." लाझारोनं मान खाली घातली. "मी मागे गेलो नाही, साहेब."

"का नाही गेलास?"

"लोक हसत होते."

ओकान्याला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. पण इन्स्पेक्टरला काय वाटतं याला किंमत नव्हती. बाहेर सालूदची आई, अंगुस्तियास, काळी शाल घेऊन बसली होती.

"त्याला फाशी कधी देणार?" तिनं विचारलं.

"बाई, अजून तुमची मुलगी मेली असं कुणी म्हटलेलं नाही."

"मेली नसती तर घरी आली नसती का? माझी पोर भांडकुदळ होती, साहेब, पण जेवायला घरी यायची."

"शहरात तिचं कोण होतं?"

"कोण असणार? तो चितारी."

चित्रकार फेर्मीन अल्कोसेर याला सगळं सेव्हिल 'मास्तर' म्हणायचं. पन्नाशीचा, हळू बोलणारा, वाटेतल्या भिकाऱ्यालाही टोपी काढून नमस्कार करणारा माणूस. त्याची चित्रं तळहाताएवढी, फार तर पाटाएवढी. गुत्त्यातले पत्ते, अंगणातलं नृत्य, न्हाव्याकडे बसलेला बैलझुंज्या. खोलीभर अशी चित्रं टांगलेली होती आणि निम्म्यांत सालूद होती.

"जत्रेच्या आधीपासून ती आलीच नाही," मास्तर म्हणाला. "काही वाईट झालं का?"

"माहीत नाही." ओकान्या एकेक चित्र बघत होता. "हिचे हात कुठेच दिसत नाहीत. इथं शालीत, इथं पंख्यामागे."

मास्तर किंचित हसला. "ती कधी स्वस्थ बसली तर ना. बोट काढायला घ्यावं तर ते नाक खाजवायला गेलेलं. आणि मी, साहेब, समोर नसलेलं काढू शकत नाही. साधं बटणसुद्धा नाही. हा माझा दोष म्हणा."

"आणि तो तांबडा गालिचा? सगळ्या चित्रांत आहे. इथं फरशी तर उघडी आहे."

"धुवायला दिलाय."

मास्तरनं हे चटकन सांगितलं. ओकान्यानं मान हलवली आणि तो उठला.

मास्तरची चित्रं विकायचा बेनाविदेस. कॅथेड्रलमागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. ओकान्या पोचला तेव्हा सुतार एका लहान पेटीच्या फळ्या तासत होता.

"बरे आलात," बेनाविदेस म्हणाला. "उद्या कादिसहून बोट सुटते. मास्तरचं इतकं चांगलं चित्र मी हातात धरलेलं नाही. बघून घ्या, पुन्हा दिसणार नाही. अमेरिकेत चाललंय."

"कुणाकडे?"

"एक लोखंडाचा कारखानदार आहे. त्याच्या गावात म्हणे धुरानं दुपारी दिवे लावतात. तसल्यांना आपलं ऊन हवं असतं. आपली गरिबीही हवी असते, फक्त धुतलेली, इस्त्री केलेली." तो स्वतःशीच हसला. "जेवण झालं की पाहुण्यांना चित्रापुढे नेतात, हातात भिंग देतात. फाटक्या विजारीच्या गुडघ्यावरचा टाका दिसला की खूष. तुम्हीही घ्या भिंग. पण बोट लावू नका, रंग ओला आहे."

चित्रात पांढऱ्या भिंतीचं अंगण होतं. द्राक्षवेलीच्या मांडवाखाली बाजेवर एक मुलगी झोपली होती. खाली तांबडा गालिचा, त्यावर कलंडलेली गिटार. मुलीच्या केसांत फूल, गालावर लाली, ओठ जरा विलग. एक हात उशाशी, दुसरा बाजेवरून खाली लोंबलेला.

ती सालूद होती.

"सगळंच ओलं आहे?"

"छे. भिंत, वेल, गालिचा केव्हाच वाळलंय. मधली जागा कोरी ठेवून मास्तर बसला होता. कितीतरी पोरी आणून झोपवल्या, एकीचीही झोप खरी दिसेना. मी म्हटलं, मास्तर, आता ते गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. आणि मंगळवारी स्वतः हे घेऊन आला." बेनाविदेसनं करंगळीनं लोंबता हात दाखवला. "ही जांभळी सावली बघा. पॅरिसमध्ये आता सगळे सावलीत जांभळा घालतात. आमचा मास्तर कधी घालत नसे. म्हातारपणी शिकला."

ओकान्यानं भिंग त्या हातावर धरलं. पाचही बोटं होती, पाचही नखं होती. मग त्यानं भिंग केसांतल्या फुलाखाली, कानाच्या पाळीवर नेलं. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

"मास्तरना बोलावून घ्या," तो म्हणाला. "आणि सुताराला म्हणावं, हातोडा खाली ठेव."

मास्तर आला. पेटी, चित्र आणि इन्स्पेक्टर पाहून तो दाराशीच थबकला. मग आत येऊन खुर्चीवर बसला.

"तुम्ही म्हणालात, जत्रेच्या आधीपासून ती आली नाही," ओकान्या म्हणाला. "तिचा कान रविवारी फाटला. या चित्रात फुलाखाली पाळी चिरलेली आहे."

"फुलानं झाकली होती मी," मास्तर म्हणाला. "थोडी दिसत राहिली."

"मग रंगवली कशाला?"

"दिसत होती."

बेनाविदेस म्हणाला, "आली असेल बिचारी, दमून झोपली असेल. झोपणं गुन्हा आहे का?"

"हिचे हात मास्तरना कधी काढता आले नाहीत. इथं नखंसुद्धा आहेत. ती या वेळी हललीच नाही." ओकान्यानं चित्र उजेडाकडे वळवलं. "आणि ही सावली नाही, सेन्योर. ऊन याच बाजूनं पडलंय, हात उन्हात आहे. माणूस मेला की रक्त खालच्या अंगाला उतरतं, साकळतं. नदीतून काढलेली प्रेतं बघण्यात माझा जन्म गेला. हा रंग मला ठाऊक आहे."

सुतार हळूच बाहेर निघून गेला.

"म्हणजे त्या खाटकानं मारलं," बेनाविदेस घाईघाईनं म्हणाला, "आणि मास्तरना नुसतं प्रेत..."

"प्रेताचे गाल असे नसतात. चेहरा बघा, जिवंत आहे. हात मेलेला आहे. मास्तरनी चेहरा आधी रंगवला, हात शेवटी." ओकान्या मास्तरकडे वळला. "तुम्ही रंगवत होता तेव्हा ती मरत होती. काय दिलंत?"

मास्तर आपल्या बोटांकडे बघत राहिला.

"कान ठणकतोय म्हणत आली. रडत होती. मी नारिंगीच्या फुलांच्या पाण्यात अफूचा अर्क दिला. चार थेंब म्हणजे काहीच नाही, मी स्वतः घेतो. ती बाजेवर पडली, झोपली. आणि तीच झोप होती, साहेब. जी मी शोधत होतो ती."

"मग?"

"मी धास्तीत होतो, ती केव्हाही उठेल म्हणून. ती चुळबुळली. हात आखडून घेतला. मी आणखी थेंब ओठांत सोडले."

"किती?"

"मोजले नाहीत."

"श्वास मंदावला तो तुमच्या लक्षात आला?"

"आला. ओठांचा रंग बदलला, तो मी पॅलेटवर बदलू लागलो, तेव्हाच आला."

"समोरच डॉक्टर राहतो."

"राहतो," मास्तर म्हणाला. "पण ऊन उतरायला लागलं होतं. वाटलं, एवढा हात होऊ दे, मग जातो. हात झाला तेव्हा जाण्यात अर्थ नव्हता."

मग ओकान्यानं विचारलं, "गालिच्यात गुंडाळलंत?"

"हो. नदीत. भाजीच्या हातगाडीवरून नेलं. वाटेत ओळखीचे भेटले, त्यांनी नमस्कार केला."

त्या वेळी नदीला ओहोटी होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. प्रेत मिळालं नाही, पुढेही कधी मिळालं नाही.

न्यायाधीशाच्या दिवाणखान्यात मास्तरची तीन चित्रं होती. त्यानं कबुलीजबाब दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"प्रेत नाही. वेदनेवर औषध दिलं, ते जास्त झालं. याला खून म्हणता येणार नाही, ओकान्या. निष्काळजीपणा म्हणू."

"चित्र अडकवून ठेवा. तोच पुरावा आहे."

"ते परक्या माणसानं विकत घेतलेलं आहे. त्यांच्या वकिलातीचं पत्र कोण झेलणार? तुम्ही?"

चित्र बोटीवर चढलं. बेनाविदेसनं उसासे टाकत सगळीकडे सांगितलं की मास्तरचं हे शेवटचं. पंधरवड्यात त्याच्याकडची उरलेली सगळी चित्रं गेली. मास्तरला थोडी शिक्षा झाली. तुरुंगात त्यानं रंग मागितले नाहीत. सुटून आला तेव्हाही तो वाटेतल्या भिकाऱ्यांना टोपी काढून नमस्कार करायचा, आणि ते परत नमस्कार करायचे.

लाझारोला सोडलं, पण त्रियानानं त्याला सोडलं नाही. कान फाडला नसता तर ती तिकडे गेली नसती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. उन्हाळा संपायच्या आत तो क्यूबाला लढायला जाणाऱ्या पलटणीत भरती झाला आणि तिथल्या तापानं पहिल्याच पावसाळ्यात गेला.

अंगुस्तियासला ओकान्यानं स्वतः जाऊन सगळं सांगितलं. थेंब, ऊन, हात. काही झाकलं नाही. ती चुलीपुढे बसून ऐकत होती.

"त्या चित्रात ती कशी दिसते?"

"सुंदर दिसते, बाई."

"ते लोक बघतील तिला? रोज?"

"बघतील."

"तिचं नाव ठाऊक असेल त्यांना?"

चौकटीखालची पितळी पट्टी ओकान्यानं वाचली होती. तिच्यावर मास्तरचं नाव होतं, गावाचं नाव होतं, आणि मोठ्या अक्षरांत 'दुपारची झोप' असं लिहिलं होतं.

"हो," तो म्हणाला. "लिहिलंय खाली."

तिनं मान डोलावली. मग त्याच्यासाठी खुर्ची पुसली आणि जेवून जा म्हणाली. ओकान्याला नाही म्हणता आलं नाही. तिनं मसूर वाढले, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता ते संपवले.