दाराशी वाजलेली पावलं

“आज नाही जमणार, बाबा...” एवढं बोलता बोलता तिच्या हातून पेन गळून पडलं आणि सासऱ्यांसमोरच ती टेबलावर कोसळली!

दोन दिवस अंगात ताप मुरवत ती लिहीत होती. सासरे मूळचे फौजी. सुरुंगाच्या स्फोटात डोळे गमावून घरी आले आणि त्या अंधारात बसल्या बसल्या कथाकार झाले. आधी सासूबाई लिहून घेत. त्या गेल्यावर ते काम हिच्या गळ्यात पडलं, आणि त्यासाठी शाळेतली नोकरीही तिने निमूटपणे सोडली. कथांना मान मिळाला, पुस्तकं निघाली... पण नवऱ्याच्या मनातली अढी काही सुटली नाही.

“मेलेल्या सोबत्यांसाठी त्यांच्याकडे शब्द आहेत, पोटच्या पोरासाठी नाहीत,” तो म्हणायचा. “आणि तुला तरी माझ्याशी बोलायला वेळ कुठाय?”

बाप-लेकाच्या त्या अबोल्यात ती नुसती भरडली जात होती.

आवाज ऐकून धावत आलेल्या नवऱ्याने तिला आतल्या खोलीत निजवलं आणि तो ताडताड बाहेर गेला.

“माणूस आहे ती, बाबा! यंत्र नव्हे!”

“चुकलं रे माझं,” सासरे पुटपुटले. “पण ही एकच गोष्ट राहिली होती... उद्या सांगायचा धीर व्हायचा नाही.”

काय वाटलं कोण जाणे, नवरा खुर्ची ओढून बसला. “हं. सांगा. मी लिहितो.”

उघड्या दारातून तिला सगळं ऐकू येत होतं.

“एक आंधळा शिपाई लढाईवरून घरी येतो,” सासरे अडखळत सांगू लागले. “दाराशी त्याला लेकराची चाहूल लागते. तो हात पसरतो... आणि इवली इवली पावलं दूर पळत जातात. पोर आपल्या भाजलेल्या तोंडाला भ्यालं, हे तो समजून चुकतो. मग मनाशी ठरवतो, या पोराला पुन्हा म्हणून हाक मारायची नाही. त्याला भिववायचं नाही...”

“खोटं आहे हे!” नवऱ्याचा आवाज चिरकला. “भ्यालो नव्हतो मी! आईला सांगायला पळालो होतो, बाबा आले म्हणून! तिला ओढत आणलं, तोवर तुम्ही आत जाऊन दार लावून घेतलं होतंत... तेव्हापासून वाट बघतोय मी, तुम्ही कधी हाक माराल याची!”

सासऱ्यांची खुर्ची करकरली.

“अरे देवा... इकडे ये. ये रे बाळा!” आणि बोटांनी त्याचा चेहरा चाचपत, “तू... तू मिशी ठेवतोस?”

“पांढरी व्हायला लागली की ती, बाबा!” हसू आणि हुंदका एकदमच फुटला.

तिने उशीत तोंड खुपसलं. एवढी पानं लिहिली तिने, आणि या घरात साधी विचारपूस तेवढी व्हायची राहिली होती!

ती गोष्ट अपुरीच राहिली. पुढचे काही महिने सासरे लेकाशी नुसत्या गप्पा मारत बसत, आणि एका सकाळी त्याच्याच हातात हात ठेवून ते शांतपणे गेले.

शोकसभेला सभागृह भरलं होतं. मोठमोठ्यांची भाषणं झाल्यावर नवरा उठला. त्याला बोलायची सवय नव्हती.

“बाबांना डोळे नव्हते,” तो म्हणाला, “आणि मला कान. आम्हा दोघांचं ओझं एका बाईने वाहिलं. पुस्तकांवर तिचं नाव नाही. ती बघा... शेवटच्या रांगेत बसली आहे.”

सगळ्या माना वळल्या. “उठा ना, वहिनी,” कुणीतरी हळूच म्हणालं. पण तिला उठवेच ना... वर्षानुवर्षांचा शीण एकाएकी अंगातून उतरत होता, आणि डोळे पुसायचंही तिला भान राहिलं नव्हतं.