चाळीस नंबरचा प्रश्न

किती वर्षं झाली, पण तो आवाज त्याच्या कानातून गेला नाही. टिक्. दवाखान्याच्या तळघरातल्या सर्व्हरकडे कोणी काही विचारलं की तेवढंच वाजायचं.

तो तिथला कॉम्प्युटरवाला. सिस्टरांना रोज लागणारे प्रश्न त्याने सर्व्हरमध्ये आधीच लिहून ठेवले होते, प्रत्येकाला एक नंबर. सिस्टरच्या हातातला टॅब नुसता नंबर पाठवायचा, उत्तर सर्व्हर द्यायचा. चाळीस नंबर म्हणजे, ‘आता कोणाकडे जायचं?’ ज्याच्या औषधाची वेळ झाली, त्याची खाट पहिली यायची.

त्या आठवड्यात चाळीस नंबर आणखी कोणीतरी विचारू लागलं. कुठल्या टॅबवरून, ते दिसायचं नाही. ती जागा कोरी. आणि उत्तरात जी खाट पहिली यायची, तिच्यावरचा माणूस दगावून ती दिवस मावळायच्या आत रिकामी व्हायची.

मोठ्या सिस्टरला सांगितलं तर ती हसली. "झोप काढ रे बाबा जरा. यंत्राला भूत लागलं म्हणून वर कळवू का मी?"

त्याला हसू आलं नाही. खिडकीजवळच्या खाटेवर त्याची आई होती, दम्याने थकलेली. दुपारच्या औषधाला पहिली पाळी तिची. आणि तो कोरा विचारणारा रोज थोडा थोडा उशिरा, दुपारकडे सरकत होता.

शेवटी त्याने प्रश्नातच एक ओळ घुसडली : खिडकीजवळची खाट सोडून.

टिक्. कोऱ्या जागेवरून प्रश्न आला. उत्तरात आई नव्हती. त्याचा जीव भांड्यात पडला.

वर वॉर्डात गेला, तर आई धापा टाकत होती.

"बाळा... सगळ्यांना औषध दिलं रे. माझ्याकडे... कोणी आलंच नाही."

नंबर सगळ्यांचा एकच. त्याने प्रश्न बदलला, तो सिस्टरांसाठीही बदलला होता.

"टॅबवर हिची खाट आल्याशिवाय औषधाचं कपाट उघडत नाही," मोठी सिस्टर कळवळून म्हणाली. "तूच करून ठेवलंयस ना ते? मग पळ!"

ओळ काढली तर तो कोरा विचारणाराही येणार. नाही काढली तर औषध नाही. जिन्यात त्याला आईचा खोकला ऐकू येत होता. तळघरात पोचताच त्याने ओळ काढली.

टिक्. लगेच दुसरी टिक्. पहिली कोणाची, ते बघायचं धाडस त्याला झालं नाही.

धावत वर आला. आईच्या खाटेशी एक सिस्टर पाठमोरी उभी होती, आईचं मनगट हातात धरून. आईचे डोळे मिटलेले.

"सिस्टर... औषध दिलंत ना?"

"आले, आले!" वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाकडून मोठी सिस्टर ओरडली. "कपाट आत्ता उघडलं! तिथे कोणीच नाहीये, आईला जरा उठवून बसव!"

खाटेजवळच्या बाईने आईचा हात हळूच चादरीवर ठेवला, चादर नीट केली, आणि त्याच्या शेजारून निघून गेली.