थांबा हं, दूध गॅसवर आहे

पटायचं त्याला पटेल, पण हे घडलंय. रविवारी, भर दुपारी सव्वातीनला, कुलूपवाल्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात.

बायको जाऊन अडीच महिने झाले होते. तिचा मोबाइल त्याने चालू ठेवला होता. रोज चार्जिंगला लावायचा.

फसवणुकीचे फोन तिच्याच नंबरवर यायचे. ती होती तेव्हा गोड आवाजात म्हणायची, "थांबा हं, दूध गॅसवर आहे." आणि फोन ओट्यावर ठेवून खुशाल भांडी घासायची. पलीकडचा बसायचा ताटकळत!

"बाबा, तो नंबर बंद करा आता," लेक म्हणायची.

"अगं, तिचा आवाज आहे त्यात. निरोप आहेत."

त्या दुपारी फोन वाजला.

"काका, दोन तासांत हा नंबर बंद होणार. चालू ठेवायचाय ना? मेसेजमधले सहा आकडे सांगा."

जन्मभर तो गिऱ्हाइकांना बजावत आला, किल्ली परक्याच्या हाती देऊ नका. पण नंबर बंद होणार म्हटल्यावर त्याने मेसेज उघडला.

"चार... नऊ... एक..."

"काका, त्या बाईंना जरा गप्प करा ना. तुमचं काही ऐकू येत नाही."

"कोण बाई?"

"थांबा हं, थांबा हं, चाललंय त्यांचं... दूध गॅसवर आहे म्हणे."

त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

घरात तो एकटा होता.

फोन कट झाला. तो स्वयंपाकघरात गेला. गॅस बंद. दुधाचं पातेलं अडीच महिने पालथं होतं, तसंच. त्याने हात लावला...

चटका बसला.

तेव्हापासून अनोळखी फोन आला की तो झडप घालायचा. "मागे कुणी बोलतंय का हो? नीट ऐका." लोक शिव्या घालायचे. "म्हातारा सटकलाय," एकजण म्हणाला.

परवा विमा विकणारी एक मुलगी मात्र थबकली.

"सर, मागे मॅडम काहीतरी सांगतायत."

"काय म्हणते ती?"

"म्हणतात... दूध झालं. आता ह्यांना आत पाठवा."

परवापासून स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप आहे. त्यानेच घातलेलं, सात लिव्हरचं. किल्ली त्याच्या मुठीत असते. फेकवत नाही, लाववत नाही.

मोबाइल मात्र आजही चार्जिंगला लावलाय.