नावाड्याचा आवाज

"पुन्हा पुढे ढकलला!" वकिलाने फोन गादीवर आपटला. "'सागरदिवा'चा सातवा भाग आता थेट हिवाळ्यात!"

"मी तर सहाही भाग परत खेळून संपवले!" त्याची धाकटी बहीण मुंगी रडकुंडीला आली. "आता सुट्टीभर करायचं काय?"

शेजारचा हा मुलगा कशावरही वाद घालायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत.  टिटवीला मात्र त्या संगणकावरच्या खेळाचा अगदी वीट आला होता. तो बनवणाऱ्या कंपनीतच तिचे बाबा कामाला होते. बाकीचे सातव्या भागाची वाट बघत होते आणि ती बाबांची! सहलीचं ठरायचं आणि बारगळायचं. बाबा घरी आले तरी ऑफिसचं खेळ चालवायचं मशीन मांडून बसत, नाहीतर जेवता जेवता पेंगत.

"चला, बाहेर तरी जाऊ," ती मरगळून म्हणाली.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानापुढे चांगलीच गर्दी होती. दर्शनी टीव्हीवर खेळ चालू होता. निळंशार पाणी, धुक्यात बुडालेलं बेट.

"सागरदिवा!" मुंगी किंचाळली. "पण हे बेट कुठल्याच भागात नाही!"

"असेल कुठेतरी," वकील म्हणाला.

"नाहीच मुळी! मला सगळी बेटं पाठ आहेत!"

तेवढ्यात पडद्यावरचा नावाडी बोलला, "चला, चढा लवकर. भरती येतेय." आणि त्याने मोठ्ठी जांभई दिली.

टिटवीने चटकन कान टवकारले. बाबांचा आवाज! खरा नट मिळेपर्यंत आपलाच आवाज भरून ठेवलाय, असं ते मागे हसत म्हणाले होते.

"अरे, हा सातवा भाग आहे!" ती कुजबुजली. "सकाळी बाबा घरचं मशीन इथे टाकायला आले होते, त्याचा पंखा बिघडलाय. पण झोपेच्या तारेत भलतीच पिशवी उचलली! हे ऑफिसचं आहे. बाहेर फुटलं तर त्यांची नोकरी जाईल!"

"दुकानवाल्या काकांना सांगून टाकू?" वकिलाने विचारलं.

"एवढ्या लोकांसमोर? मग तर बोंबच होईल!"

पुढे उभ्या असलेल्या एका तरुणाने खिशातून फोन काढला. आता विचार करायला सवडच नव्हती.

"मुंगे, पळ! आमच्या कपाटाखालची काळी पिशवी घेऊन ये, घरचं मशीन तिच्यातच असणार!"

मुंगी सुसाट सुटली. वकील तरुणापुढे जाऊन उभा राहिला. "दादा, जुन्या भागाला रंग फासलाय नुसता! पाणी बघा ना, पाणी असं असतं होय?"

"बाजूला हो रे!"

"का म्हणून? रस्ता सगळ्यांचा आहे!"

इकडे टिटवी थेट दुकानात घुसली. "काका, जळका वास येतोय! मशीन तापलं वाटतं!"

"अरे बापरे!" दुरुस्तीवाल्या काकांनी दचकून प्लग उपटला. पडदा काळा झाला. लोक कुरकुरत पांगले, तरुणानेही फोन खिशात टाकला.

मुंगी धापा टाकत पिशवी घेऊन आली, तेव्हा टिटवीने काकांना सगळं हळूच सांगितलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "पंखा तर ठणठणीत होता! आता सुरू केलंच आहे, तर मांडू गिऱ्हाइकांपुढे, म्हटलं. चुकलंच माझं, पोरी."

काकांनी फोन करताच बाबा ऑफिसातून धावतपळत आले. चेहरा पांढराफटक. ऑफिसचं मशीन सुखरूप बघितलं आणि ते पायरीवर मटकन बसले. मग त्यांनीच कंपनीच्या साहेबबाईंना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन टिटवीकडे दिला.

"शाब्बास, मुलांनो!" बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज दमलेलाच होता. "आम्हा मोठ्यांची अब्रू वाचवलीत. काय बक्षीस देऊ? सातवा भाग आधी खेळायला?"

वकिलाचे डोळे लकाकले. मुंगीने तर श्वासच रोखला. टिटवीने दोघांकडे बघितलं, मग पायरीवर डोकं धरून बसलेल्या बाबांकडे.

"बाबांना सुट्टी द्या," ती म्हणाली. "झोप होईपर्यंत."

 "दिली," बाई हळूच म्हणाल्या. "खरं तर सगळ्यांनाच द्यायला हवी."

"अगं, काय मागितलंस हे!" वकील कळवळला. पण या वेळी त्याने वाद घातला नाही. बाबांना उठवायला त्यानेच हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तरी बाबा झोपलेलेच होते. दाराबाहेर तिघंजण पत्ते खेळत होते, अगदी कुजबुजत.

"हरलीस!" मुंगी ओरडली.

"शूऽऽ!" टिटवीने तिचं तोंड दाबलं आणि कितीतरी दिवसांनी खुदकन हसली.